लिंगभाव आणि लैंगिकता या विषयात थेट बीए: लेकीला करू द्यावं का?

भांडुपकर

मंडळी, सल्ला हवाय. लेक यंदा बारावीला आहे, आर्ट्स. आर्ट्स घेतलं तेव्हाच नातेवाइकांची शोकसभा उरकून झाली आहे, त्यामुळे तो भाग सोडून पुढे जाऊ. आता तिचं म्हणणं असं की तिला जेंडर अँड सेक्शुअ‍ॅलिटी स्टडीज करायचंय, आणि तेही पदवीलाच. बाहेरदेशी हा मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून घेता येतो, आपल्याकडे काही खासगी विद्यापीठांत मायनर, म्हणजे दुय्यम विषय म्हणून मिळतो, असं तिनेच शोधून काढलंय.

माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे बायकांची डॉक्टर होणार का? बरं आहे की." तो गैरसमज आम्ही तूर्त तसाच ठेवलाय.

मी बँकेत, बायको पालिकेच्या शाळेत शिक्षिका. विषयाला आमचा विरोध नाही. पण सतराव्या वर्षी एवढं एकच धरून बसावं का? तीन-चार वर्षं यात शिकवतात तरी काय? बीए झाल्यावर दारात कोण उभं करतं? आधी सोशॉलॉजी किंवा इकॉनॉमिक्स करून एमएला हे घेतलं तर बिघडलं कुठे? हे शेवटचं मी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, इंजिनिअरिंगला जाणाऱ्याला तुम्ही म्हणता का, की आधी फिजिक्सचं बीएस्सी कर, मग बघू?" मी पेपर उघडून बसलो.

ज्यांनी हे शिकलंय, शिकवलंय किंवा जे या क्षेत्रात काम करतात त्यांनी कृपया लिहा. "संस्कृती बुडाली"वाल्यांचंही स्वागत, फक्त कारण द्या.

फोडणीचा_भात

पहिला! सतरंजी अंथरली आहे, खारे शेंगदाणे घेऊन बसतोय. धागा शंभरी गाठणार.

कालिंदी_जुहू

विषय मुंबईला नवा नाही हो. एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं, नीरा देसाईंनी उभं केलं. त्याच वर्षी स्त्रियांच्या स्थितीवरचा केंद्र सरकारच्या समितीचा अहवाल आला. देश पुढे चाललाय म्हणून सगळे खुशीत होते आणि अहवालातून दिसलं की लोकसंख्येतलं बायकांचं प्रमाण घटतंय. स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये एसएनडीटीतच भरली. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने ठिकठिकाणी केंद्रं काढली.

पण हे बहुतेक सगळं एमए, पीएचडी आणि संशोधनाच्या पातळीवर. पदवीला हा विषय आला तो एखाद्या पेपरपुरता: समाजशास्त्रात, इतिहासात, कधी साहित्यात. म्हणून आपल्याकडची रुळलेली वाट म्हणजे बीए समाजशास्त्र, मग देवनारला टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) किंवा पुणे विद्यापीठातलं केंद्र. मीही तिनेच गेले. बरी वाट आहे. फक्त बीएला 'कुटुंब' हे प्रकरण मी असं शिकले: एका छताखाली राहणारे, एका चुलीवर जेवणारे. छान मार्क मिळाले. शेवटी कोण जेवतं आणि तोवर पातेल्यात काय उरलेलं असतं, हे त्या प्रकरणात नव्हतं. एमएच्या पहिल्याच महिन्यात सगळं प्रकरण परत शिकले. तेव्हा तुमच्या लेकीच्या उत्तरात दम आहे.

पाटील_पवई

मी सरळ बोलणारा माणूस आहे, राग मानू नका. विषय चांगला असेल, नाही कोण म्हणतं. पण मुंबईत वन आरकेचं भाडं काय चाललंय ते बघा आणि मग ठरवा. ज्या पोरांच्या घरी पैसा आहे त्यांनी असले विषय घ्यावेत. बाकीच्यांनी बीकॉम करावं, सीए-सीएस काहीतरी हातात ठेवावं आणि जेंडरवर पुस्तकं वाचावीत. पुस्तकं वाचायला डिग्री लागत नाही.

चेंबूरची_चिमणी

@पाटील, "ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनी" हे वाचून हसू आलं. बायकांवर होणारा अन्याय सोसायचा गरिबाघरच्यांनी आणि त्याचा अभ्यास करायचा पैसेवाल्यांनी, अशी वाटणी का?

पाटील_पवई

तसं म्हणायचं नव्हतं. पण ईएमआय कोण भरणार हा प्रश्न तसाच राहिला की नाही?

अप्पा_ठाकूरद्वार

आमच्या काळी या गोष्टी चारचौघांत बोलत नसत आणि काही अडलं नाही. आता डिग्री देणार म्हणे. उद्या झोपण्याचीही डिग्री काढा.

कालिंदी_जुहू

अप्पा, तुमच्याच गिरगावातली गोष्ट. र. धों. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, अशी वेळ आली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये वारले तोवर चालवलं. वाचक पत्रातून आपल्या लैंगिक शंका विचारायचे, ते उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात कोणी मांडली? बाबासाहेब आंबेडकरांनी. हरले, पण मांडली. तेव्हा अप्पा, तुमच्या काळाच्याही आधीपासून लोक विचारत होते. फक्त पोस्टाने.

आणि वडील धोंडो केशव कर्वे, ज्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, आजचं एसएनडीटी, काढलं. बापाने विद्यापीठ काढावं आणि लेकाची प्राध्यापकी याच विषयापायी जावी!

अप्पा_ठाकूरद्वार

कर्व्यांबद्दल आदर आहेच. पण ते गणिताचे प्राध्यापक होते. पोट गणितावर, समाजकार्य वेगळं. तेच मी म्हणतोय.

पाटील_पवई

अप्पांना +१. हेच, हेच.

फोडणीचा_भात

अप्पा-पाटील युती झाली. महत्त्वाची खाती कुणाकडे?

समुद्रपक्षी

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहावंच लागतंय. मी हे प्रत्यक्ष केलंय.

मूळची दादरची. बारावीनंतर अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत गेले. जेंडर, विमेन अँड सेक्शुअ‍ॅलिटी स्टडीज असं मालगाडीएवढं नाव असलेला मेजर, आणि जोडीला स्टॅटिस्टिक्स. तिथे पहिल्या दिवशी विषय ठरवावा लागत नाही, दुसऱ्या वर्षापर्यंत चाचपडायची मुभा असते. त्यामुळे माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी दोन मेजर धरले होते: कुणाचा जोडीला बायॉलॉजी, कुणाचा पॉलिटिकल सायन्स.

शिकवतात काय? लोकांना वाटतं सेक्शुअ‍ॅलिटी म्हटलं की चार वर्षं 'ते'च. अहो, माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो जनगणनेच्या फॉर्मवर आणि कोर्टाच्या निकालांवर. स्त्री-पुरुष असे दोनच रकाने कधी आले, का आले, आणि त्यात न बसणाऱ्याचं रेशनकार्डापासून तुरुंगाच्या बराकीपर्यंत काय होतं. पगार, वारसाहक्क, बाळंतपण दायांच्या हातून डॉक्टरांच्या हातात कसं गेलं, मानसिक आजारांच्या यादीत समलैंगिकता कशी गेली आणि १९७३ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी ती बाहेर कशी काढली. मग क्विअर थिअरी, म्हणजे लिंग आणि लैंगिकतेच्या ठरीव चौकटींनाच प्रश्न विचारणारे सिद्धांत. ती जड असते, पहिल्या वाचनात डोक्यावरून जाते, दुसऱ्याही. शेवटच्या वर्षी प्रबंध.

आता काम. सध्या मुंबईतच आहे, आरोग्याच्या सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तयार करते. गोवंडीत एका घरी आमची मुलगी प्रश्न विचारत होती, मी बाजूला बसले होते. प्रश्न: "तुम्ही काम करता का?" बाई म्हणाल्या, "नाही, घरीच असते." हे म्हणताना त्यांच्या मांडीवर सूप होतं, सुपात इमिटेशनच्या कानातल्यांचे सुटे तुकडे, हातात बारीक पक्कड. एक कडी उघडली, मोती ओवला, कडी मिटली, डबीत टाकलं. मान वर न करता. शेजारी मुलगी शाळेच्या गणवेशात तेच करत होती. डझनावर पैसे. टॅबवर 'काम करत नाही' हा पर्याय निवडला गेला आणि पुढचे कामाबद्दलचे सगळे प्रश्न आपोआप गाळले गेले. पाठ दुखते का, डोळ्यांचं काय, मजुरी कोण ठरवतं, काहीच विचारलं गेलं नाही.

नंतर प्रश्न बदलला: "गेल्या सात दिवसांत घरी बसून केलेल्या कुठल्या कामाचे पैसे मिळाले?" प्रश्न चुकलाय हे जेंडर शिकल्यामुळे दिसलं. पण तो बदलायला वरच्यांनी मान्यता दिली ती मी नमुना काढून आकडे मांडले म्हणून. नुसतं जेंडर असतं तर "छान मुद्दा आहे मॅडम" म्हणून बोळवण झाली असती.

म्हणून @भांडुपकर, माझं मत: पदवीलाच करू द्या, पण एकटं नको. जोडीला असं काहीतरी हवं जे हाताने करता येतं. आकडेवारी, कायदा, अर्थशास्त्र, पत्रकारिता, काहीही.

चेंबूरची_चिमणी

समुद्रपक्षीतै, ते कानातल्यांचं वाचून काटा आला. माझी आई भायखळ्याच्या एका कारखान्याची लेबलं घरी आणून शिवायची. आम्हा सगळ्या भावंडांच्या फिया त्यातून. आजही विचारलं तर म्हणते, "मी कुठे काम केलं?"

सडेतोड_मुलुंड

मी "संस्कृती बुडाली"वाला, कारणासकट हजर आहे. हा विषय म्हणजे निष्कर्ष आधी आणि अभ्यास नंतर. पितृसत्ता आहे हे धरूनच चालायचं, मग जिथे बघावं तिथे ती दिसणारच. याला शास्त्र म्हणत नाहीत. हंगेरीने २०१८ मध्ये या विषयाची मान्यताच काढून घेतली. फ्लोरिडातल्या एका सरकारी कॉलेजने २०२३ मध्ये हा विभाग बंद करायचं ठरवलं. जिथे हे खूळ निघालं तिथेच गुंडाळतायत आणि आपण सतरंज्या अंथरतोय.

फोडणीचा_भात

सतरंजी मी फक्त शेंगदाण्यांसाठी अंथरली होती.

वकील_फोर्ट

@सडेतोड, हंगेरीचं अर्धंच सांगितलंत. मान्यता सरकारी फर्मानाने गेली. तिथल्याच बुडापेस्टच्या सरकारी विद्यापीठाने जेमतेम वर्षभर आधी, २०१७ मध्ये, हा अभ्यासक्रम नव्याने सुरू केला होता. विद्यार्थ्यांनी पाठ फिरवली म्हणून दुकान मिटलं, असं ते नाही. सरकारला न आवडणं आणि विषय पोकळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी.

आणि "जिथे निघालं" म्हणाल तर अमेरिकेत सॅन दिएगोला पहिला विभाग १९७० मध्ये निघाला, एसएनडीटीचं केंद्र १९७४ मध्ये. चार वर्षांचा फरक. ताराबाई शिंद्यांनी तर बुलढाण्यात बसून १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. त्यांना कुठल्या देशाचं खूळ लागलं होतं?

सडेतोड_मुलुंड

ताराबाईंनी डिग्री घेतली नव्हती. त्यांना दिसलं, त्यांनी लिहिलं.

वकील_फोर्ट

डिग्री द्यायला कुणी तयार होतं का तेव्हा?

सडेतोड_मुलुंड

बरं, तो गुण तुम्हाला. पण निष्कर्ष आधी हा मुद्दा उभाच आहे.

समुद्रपक्षी

तो मुद्दा मला पटतो, म्हणजे धोका म्हणून पटतो. वाईट शिकवलं तर हा विषय घोषणांचा होतो. मी अशा वर्गात बसलेय जिथे सगळ्यांनी एकमेकांना माना डोलावल्या आणि तास संपला. चांगल्या शिक्षिका होत्या त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "हे खोटं ठरायला काय सापडावं लागेल?" फरक विषयात नाही, संशोधन पद्धतीचा पेपर आहे की नाही यात आहे.

माटुंगा_रोड

थोडं वेगळं लिहितो. मी गे आहे, वय पंचेचाळीसच्या पुढे. कॉलेजात होतो तेव्हा लायब्ररीत या विषयावर जे होतं ते सायकॉलॉजीच्या पुस्तकात 'विकृती' या मथळ्याखाली. १९९० पासून समलैंगिकांसाठीचं 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघत होतं, १९९४ पासून हमसफर ट्रस्ट ही संस्था होती, पण माटुंग्याच्या ब्राह्मणी चाळीतल्या पोराला ते कळायला बरीच वर्षं गेली. २०१८ च्या ६ सप्टेंबरला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा मी ऑफिसात होतो. बाजूचा म्हणाला, "आता बघ काय काय दिसेल." मी चहा प्यायलो.

तेव्हा असा अभ्यासक्रम असावा का? असावा. पण एक सावधगिरीही. दोनेक वर्षांपूर्वी एका कॉलेजात या विषयाच्या मुलांशी बोलायला बोलावलं होतं. मुलं गोड, इंग्रजी फर्डं. तासभर मी बोललो आणि ते लिहून घेत होते. घरच्यांना कधी सांगितलंत, त्यांनी काय केलं, भीती वाटली का. शेवटी एकाने माझ्यासमोरच दुसऱ्याला विचारलं, हा इंटरव्ह्यू प्रोजेक्टमध्ये धरता येईल का? धरा बाबांनो. पण परतीच्या गाडीत मला आपण बेडूक असल्यासारखं वाटलं, ट्रेमध्ये टाचण्या लावलेला.

लेकीला हे नक्की सांगा. ज्यांच्याबद्दल शिकायचंय ते वर्गातही बसलेले असतात. आणि कोर्स म्हणजे समुपदेशन नव्हे. स्वतःचा गुंता सोडवायला कुणी येत असेल तर त्याने तो वेगळा सोडवावा. चार वर्षं परीक्षा देऊन तो सुटत नाही.

कालिंदी_जुहू

माटुंगा_रोड, यावर काही बोलावंसं वाटत नाही, फक्त वाचलं एवढं सांगते.

स्वयंपाकघरातून_सुमन

मी मुद्द्याचं विचारते. स्थळं बघताना बायोडेटात शिक्षणाच्या रकान्यात काय लिहिणार? 'बीए, लैंगिकता'?

फोडणीचा_भात

सुमनकाकू, चाळणी फुकटात लागतेय की! जो हा रकाना वाचून पळेल तो तसाही पळायलाच हवा होता.

स्वयंपाकघरातून_सुमन

हसू नका. हा प्रश्न तिच्या आजीला पडणारच आहे.

भांडुपकर

आजीला वाटतंय डॉक्टर होणार आहे. ती खूश आहे.

सगळ्यांचे आभार. लेकीला धागा वाचायला दिलाय. ती इथे आयडी काढणार नाही म्हणते ("बाबा, तुमच्या काका लोकांचा अड्डा आहे तो"), पण एक खुलासा करायला सांगितलाय. हे डोक्यात आलं ते इन्स्टाग्रामवरून नाही. अकरावीला समाजशास्त्राच्या बाईंनी घरातल्या कामाची नोंद ठेवायला सांगितली होती. फ्रिजवर वही लटकली. रकाने: आई, बाबा, आजी, मी. त्यातलं एक पान बायकोने अजून जपून ठेवलंय. "बाबा: सिलिंडर बदलला, ६ मिनिटं. बाबा: सिलिंडर बदलल्याचं आईला, आजीला आणि शेजारच्या काकांना सांगितलं, १५ मिनिटं."

मग बाईंनी त्यांना सरकारी आकडे दाखवले. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांची ९७. आणि मुळात असं काही करणारे पुरुष सुमारे २६ टक्केच. तेव्हापासून पोरगी हातची गेली.

पाटील_पवई

सिलिंडर बदलणं हे सांगण्यासारखंच काम आहे. मी भांडुपकरांच्या बाजूने.

लोकलवाला_विरार

अवांतर: जेंडर जेंडर करता, मग लेडीज डब्याचं बोला. संध्याकाळी जनरलला लोंबकळत जायचं आणि बाजूचा लेडीज त्यातल्या त्यात मोकळा दिसतो. १९९२ पासून आख्खी लेडीज स्पेशलही धावते. पुरुषांवरच्या अन्यायाचा पेपर आहे का सिलॅबसमध्ये?

चेंबूरची_चिमणी

लेडीज मोकळा? संध्याकाळी सहाला दादरला या, तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटचा वाद ऐकवते.

स्वयंपाकघरातून_सुमन

आणि ते मुलांचं? माझ्या नातवाला परवा एका बाईंनी उतरवलं. उंच आहे हो, अकरा पूर्ण नाहीत.

वकील_फोर्ट

रेल्वेच्या नियमांप्रमाणे बारा वर्षांखालचा मुलगा बायकांच्या डब्यात बसू शकतो. नातवाला आधारकार्ड द्या गळ्यात.

चेंबूरची_चिमणी

डब्याचं सोडा, स्टेशनातल्या मुतारीचं बोला. पुरुषांना फुकट आणि बायकांकडून पैसे, यावर २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली. तिच्यात वस्तीतल्या बायका होत्या. त्यांनी नुसता मोर्चा काढला नाही, कुठे किती संडास, किती बंद, कुठे पैसे घेतात याची पाहणी केली. पालिकेसमोर आकडे ठेवले. समुद्रपक्षीतै म्हणतात तेच.

आणि यावरून माझा मुद्दा, जो इथे अजून कुणी काढला नाही. @भांडुपकर, सिलॅबस बघाल तेव्हा त्यात जात आहे का ते बघा. मुंबईत संडास साफ कोण करतं हे न विचारता बायकांच्या संडासाचा प्रश्न शिकवणारा अभ्यासक्रम मला नको. पुणे विद्यापीठाच्या केंद्रात समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेग्यांनी याच गोष्टीसाठी हयात घालवली. आणि लेकीचं मराठी कसं आहे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. ते मराठीतच वाचावं. परदेशात जेंडर शिकून आलेल्या मुली आमच्या वस्तीत येतात तेव्हा सोबत दुभाषी असतो. दुभाषी सहसा आमच्यातलीच एखादी बारावी झालेली पोरगी. अहवालावर नाव कुणाचं, हे सांगायला नको.

समुद्रपक्षी

चिमणी, शंभर टक्के. माझं गोवंडीतलं सगळं काम मराठी-हिंदीवर चालतं. अमेरिकेतल्या चार वर्षांत जात म्हणून शिकले ते एका आठवड्याचं वाचन. बाकी सगळं परत आल्यावर.

अ‍ॅडमिन

लेडीज डब्यावर वेगळा धागा आहे, चौथ्या सीटवरही आहे. इथे मूळ प्रश्नाकडे वळा.

वकील_फोर्ट

मूळ प्रश्न म्हणजे पाटलांचा प्रश्न. नोकऱ्या. कामाच्या निमित्ताने जे बघतो ते सांगतो, फुगवून नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते, त्यावर बाहेरचा एक सदस्य लागतो, ठरावीक काळाने प्रशिक्षण लागतं. मुंबईत यावर बऱ्याच जणांचं घर चालतं. पण बावीस वर्षांच्या बीएला कुणी समितीवर घेत नाही, अनुभव बघतात, कायदा येतो का बघतात. दुसरं, पोलिसांमधले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष. १९८४ मध्ये टिसने मुंबई पोलीस आयुक्तालयात पहिला सुरू केला. तिथे आणि वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात २००० मध्ये हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी सुरू झालेल्या दिलासा केंद्रासारख्या ठिकाणी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली माणसं लागतात, म्हणजे एमएसडब्ल्यू. तिसरं, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), बचत गट, केंद्राच्या अर्थसंकल्पात २००५-०६ पासून येणारं जेंडर बजेट, म्हणजे बायकांसाठीच्या तरतुदींचा वेगळा हिशोब, त्यावर काम करणाऱ्या संस्था. तिथे हिशोब वाचता यायला हवा. चौथं, प्राध्यापकी. नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, पण जागा थोड्या आणि कंत्राटी जास्त.

थोडक्यात पाटील म्हणतात ते निम्मं खरं. नुसत्या बीएवर यातलं एकही दार उघडत नाही. पण नुसत्या बीए समाजशास्त्रावर, बीए इतिहासावर तरी कुठलं उघडतं? त्या पोरांना आपण "पुढे काय" असं एवढ्या तळमळीने विचारत नाही.

पाटील_पवई

मी विचारतो. मी सगळ्यांना विचारतो. माझी लोकप्रियता बघा नातेवाइकांत.

अप्पा_ठाकूरद्वार

वकीलसाहेबांची यादी वाचली. यातलं एमएसडब्ल्यूचं मला पटलं. आमच्या चाळीत अशा एक बाई यायच्या. दोन बिऱ्हाडांतली मारहाण त्यांनी थांबवली, पोलिसांनी नव्हे. त्यांना ही डिग्री होती का ठाऊक नाही, पण दरडावून बोलणं मात्र होतं.

कालिंदी_जुहू

अप्पा, दरडावून बोलणं प्रात्यक्षिकाच्या मार्कांत धरायला हवं.

@भांडुपकर, आता व्यवहाराचं. मुंबईत राहून करायचं तर नव्या शैक्षणिक धोरणातल्या रचनेचा फायदा घ्या. मेजर समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा मानसशास्त्र ठेवा. मायनर आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये जिथे जेंडरचे पेपर खरोखर शिकवतात असं कॉलेज शोधा. 'खरोखर' महत्त्वाचं. माहितीपत्रकात वीस विषय असतात, वर्ग सात-आठचेच भरतात. तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवून स्टाफरूममध्ये जा आणि विचारा: गेल्या वर्षी हा पेपर कोणी शिकवला, किती मुलं होती, फील्ड प्रोजेक्ट कुठे केला? उत्तर द्यायला कुणी खुर्चीतून उठलं तर तिथे प्रवेश घ्या. तीन वर्षांनी बीए घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. चौथ्या वर्षी संशोधन करता येतं, ते जेंडरमध्ये करावं.

परदेशाचं कर्ज फक्त या एका मेजरसाठी काढू नका, हे मात्र मी ठाम सांगेन. समुद्रपक्षी, चालेल ना?

समुद्रपक्षी

चालेल. मला अर्धी फी माफ होती. नसती तर गेले नसते.

सडेतोड_मुलुंड

मेजर अर्थशास्त्र, मायनर हे, असं असेल तर माझी फारशी तक्रार नाही. लिहून ठेवा, असा योग परत येणार नाही.

भांडुपकर

लेकीला "मेजर अर्थशास्त्र" वाचून दाखवलं. दार आपटल्याचा आवाज इथपर्यंत आला असेल. समाजशास्त्रावर बोलणी चालू आहेत. स्टॅटिस्टिक्सचा सर्टिफिकेट कोर्स सुट्टीत करायला तयार आहे, कानातल्यांची गोष्ट वाचून. 'आम्हीही इतिहास घडवला' मागवलंय. शनिवारी चर्चगेट आणि फोर्टच्या बाजूच्या दोन-तीन कॉलेजांत स्टाफरूम गाठायला आम्ही दोघं जातोय. यादी तिने केली आहे, मला फक्त सोबत यायचंय आणि बोलायचं नाहीये.

लोकलवाला_विरार

एक शंका. चेष्टा नाही. माझा मुलगा दहावीत आहे, हा धागा त्यानेही वाचला, माझ्या खांद्यावरून. मुलांना घेतात का या विषयाला?

कालिंदी_जुहू

घेतात की. एसएनडीटीला पदवीला फक्त मुली, तेवढं सोडा. टिसला, पुण्याला, मुंबई विद्यापीठाच्या मुला-मुलींच्या कॉलेजांत कुणीही. माझ्या एमएच्या वर्गात दोन मुलगे होते. एक बीडचा, त्याच्या बहिणीचं लग्न सोळाव्या वर्षी लावलं म्हणून आलेला. दुसरा कांदिवलीचा, हॉस्टेल मिळेल म्हणून. दोघंही आज याच क्षेत्रात आहेत.

लोकलवाला_विरार

आमच्याकडे हॉस्टेलचाच मुद्दा जास्त चालेल असं दिसतंय. देवनारला विरारहून रोज जाणं शक्य नाही.